इवल्या गाड्यांची शर्यत

खेळ म्हटला की मैदान, धावपळ आणि घामाने डबडबलेले खेळाडू डोळ्यांपुढे येतात. परंतु काही खेळ असे आहेत की ते एका खोलीत, एका लांबरुंद मेजावर खेळले जातात. त्यांत खेळाडूचे पाय धावत नाहीत. धावतात त्याची बोटे, त्याचे डोळे आणि त्याचे मन. खाचेतून धावणाऱ्या विजेच्या गाड्यांची शर्यत हा असाच एक खेळ आहे.

ह्या शर्यतीसाठी लाकडी फळ्यांचा वळणावळणांचा मार्ग तयार करतात. मार्गावर एकमेकींना समांतर अशा खाचा असतात. प्रत्येक खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याच्या बारीक तारांची सपाट वेणी चिकटवलेली असते. ह्या वेण्यांतून सुमारे 12 व्होल्ट दाबाची वीज वाहते. हा दाब इतका कमी असतो की हाताला त्याचा धक्का बसत नाही. गाडीच्या पुढच्या भागाखाली एक पातळ जीभ असते. ती खाचेत बसते आणि गाडीला वाट दाखवते. जिभेच्या दोन बाजूंचे तारांचे झुबके वेण्यांना घासत जातात, त्यांतून वीज गाडीतल्या छोट्या मोटरला मिळते आणि मागची चाके फिरू लागतात.

खेळाडूच्या हातात पिस्तुलाच्या आकाराचे एक साधन असते. त्याचा घोडा जितका दाबावा तितकी वीज अधिक आणि तितका गाडीचा वेग अधिक. ह्यात एक मौज आहे. घोडा सोडताच वीज बंद होते, आणि त्याच वेळी मोटरची दोन्ही टोके एकमेकांना जोडली जातात. फिरती मोटर तेव्हा स्वतःच वीज निर्माण करू लागते, आणि ही वीज तिच्याच फिरण्याला विरोध करते. त्यामुळे गाडीचा वेग झपाट्याने कमी होतो. वेगळा ब्रेक लागत नाही.

मग ह्यात अवघड ते काय? खाच तर गाडीला नेतच असते! अवघड आहे ते वळण. वळणावर वेग थोडा जरी जास्त झाला, तरी गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, जीभ खाचेतून निसटते आणि गाडी उलटीपालटी होत भिंतीवर आदळते. वेग फारच कमी ठेवला, तर इतर गाड्या पुढे निघून जातात. ह्या दोहोंमधली बारीक रेषा ज्याला साधते, तोच शर्यत जिंकतो.

हा खेळ आजकालचा नव्हे. अमेरिकेतील लायोनेल ह्या कंपनीने 1912 साली विजेवर धावणाऱ्या खेळण्यातल्या शर्यतीच्या गाड्या विकायला काढल्या होत्या. पुढे इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस ह्या कल्पक कारागिराच्या कारखान्यात स्केलेक्स नावाच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या गाड्या बनू लागल्या. पण स्प्रिंगची गाडी एकदा सोडली की सोडली. मुलाला ती नुसती पाहत बसावे लागे. गाडीवर मुलाचा ताबा हवा, ह्या विचाराने फ्रान्सिसने तिच्यात विजेची मोटर बसवली आणि तिला खाचेचा मार्ग दिला. ही नवी गाडी 1957 साली हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. स्केलेक्स आणि इलेक्ट्रिक ह्या दोन शब्दांच्या जोडणीतून तिचे नाव पडले, ‘स्केलेक्स्ट्रिक’.

त्यानंतरच्या दशकात अमेरिकेत ह्या खेळाने मुलांना आणि मोठ्यांनाही वेड लावले. गावोगाव खास सभागृहे निघाली. आठ आठ खाचांचे प्रचंड मार्ग तेथे मांडलेले असत. शाळा सुटली की मुले गाडीची पेटी काखेत मारून तिकडे धावत. परंतु ही लाट आली तशीच ओसरली. 1970 साल उजाडेपर्यंत बहुतेक सभागृहांना कुलपे लागली, आणि पेट्या माळ्यावर जाऊन पडल्या.

ती मुले मोठी झाली, त्यांच्या डोक्यावरचे केस पांढरे झाले. पण मनातला छंद मेला नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील काही हौशी मंडळींनी जुन्या पद्धतीच्या शर्यती पुन्हा सुरू केल्या. नियम केले ते असे : गाडीचा सांगाडा पितळ आणि पोलादी तार ह्यांचा, डाख देऊन जोडलेला असावा, वरचे कवच 1960 ते 1970 ह्या काळातील खऱ्या शर्यतीच्या गाड्यांसारखे असावे, आणि गाडीला मार्गावर खेचून धरणारे लोहचुंबक कोणी वापरू नये. भारी वस्तू विकत घेणाऱ्यापेक्षा हाताने चांगले काम करणाऱ्याला ह्यामुळे मान मिळू लागला.

अशाच एका शर्यतीची ही हकीकत आहे.

शनिवारची सकाळ होती. सभागृहात तेरा स्पर्धक जमले होते. त्यांत एक शिक्षक होते, एक मालमोटार हाकणारा होता, एक निवृत्त दंतवैद्य होते. त्यांच्या गर्दीत बारा वर्षांची एक मुलगी आपल्या आजोबांचा हात धरून उभी होती. आजोबा 1966 साली तेरा वर्षांचे असताना ह्या खेळात रमले होते. त्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडा ह्या देशांत कॅन-ॲम ही मोठ्या गाड्यांची शर्यतमालिका सुरू झाली, आणि जॉन सर्टीझ ह्याने लोला गाडी चालवून पहिले विजेतेपद मिळवले. आजोबांनी नातीसाठी त्याच लोला गाडीची वीतभर लांबीची प्रतिकृती केली होती. सांगाडा त्यांनी जोडला होता आणि पारदर्शक कवच नातीने रंगवले होते. असे कवच आतल्या बाजूने रंगवावे लागते. त्यामुळे सर्वांत वर दिसायचे ते आकडे आणि पट्टे आधी काढायचे, आणि अंगाचा लाल रंग शेवटी द्यायचा. हे उलटे काम करताना तिची तीन कवचे वाया गेली होती; चौथे मात्र आरशासारखे लखलखत होते.

सरावाच्या वेळी मुलीने घाई केली. गाडी वळणावरून उडाली आणि भिंतीवर आदळली. पाहतात तो मोटरची तार तुटलेली आणि सांगाड्याचा पुढचा जोड सुटलेला! शर्यत सुरू व्हायला अवघी वीस मिनिटे उरली होती. आजोबांनी डाख देण्याची सळई तापवली. पण वयोमानाने त्यांचा हात थरथरत होता. डाख जागेवर पडेना. मुलीचे डोळे भरून आले.

शेजारच्या मेजावर एक उंच गृहस्थ आपल्या गाडीची चाके पुसत होते. मागील वर्षीचे विजेते तेच होते. ते उठून जवळ आले आणि म्हणाले, “बाळ, दे पाहू तुझी गाडी.”

आजोबा संकोचाने म्हणाले, “अहो, आपला सराव अजून व्हायचा आहे. आपला वेळ जाईल.”

“गाड्याच नसल्या तर शर्यत कोणाशी करायची?” ते हसून म्हणाले.

त्यांनी जोड घासून स्वच्छ केला, पितळ नीट तापू दिले आणि मगच डाख लावला. तो पाण्यासारखा पसरला आणि क्षणात घट्ट झाला. “लक्षात ठेव,” ते मुलीला म्हणाले, “डाखाला घाई चालत नाही, आणि वळणालाही चालत नाही.” तेवढ्यात दंतवैद्यांनी आपल्या पेटीतून नवी तार काढून दिली. मालमोटार हाकणाऱ्याने चाके तपासून दिली. वीस मिनिटे संपली तेव्हा लाल लोला मार्गावर उभी होती. त्या उंच गृहस्थांचा सराव मात्र राहून गेला होता.

शर्यतीची रीत मोठी न्यायाची होती. मार्गाला आठ खाचा होत्या. काही खाचा सोप्या, काही अवघड. म्हणून प्रत्येक स्पर्धकाने आठही खाचांतून एकेक डाव खेळायचा. डाव तीन मिनिटांचा. आठ डावांत मिळून ज्याच्या फेऱ्या जास्त, तो पुढे. एका डावात आठ जण खेळत. उरलेले पाच जण वळणांवर रखवालदार म्हणून उभे राहत. गाडी खाचेबाहेर पडली की रखवालदाराने ती चटकन उचलून परत खाचेत ठेवायची. गाडी कोणाचीही असो, रखवालदार कोणीही असो. म्हणजे ज्याला हरवायचे, त्याचीच गाडी आपल्या हाताने मार्गाला लावायची!

डावामागून डाव झाले. पहिले दोन क्रमांक जवळजवळ ठरून गेले होते. तिसऱ्या क्रमांकासाठी मात्र चुरस लागली. उंच गृहस्थांचे आठही डाव संपले होते. त्यांच्या 231 फेऱ्या पूर्ण होऊन वर पाव फेरी झाली होती. मुलीचे सात डावांत 203 फेऱ्या झाल्या होत्या आणि तिचा एक डाव उरला होता. एका फेरीला सुमारे सहा सेकंद लागत. म्हणजे तीन मिनिटांत फार तर तीस फेऱ्या. त्यांच्या पुढे जायला तिला अठ्ठावीस फेऱ्या आणि वर पाव फेरीहून अधिक हवे होते. त्यातून तिच्या वाट्याला अगदी आतली, अवघड वळणांची खाच आली होती.

डाव सुरू झाला. मुलीने ह्या वेळी घाई केली नाही. वळण जवळ येताच ती घोडा सोडी आणि गाडी सरळ होताच पुन्हा दाबी. दोन मिनिटे निर्विघ्न गेली. शेवटच्या मिनिटात शेजारची एक गाडी घसरली आणि तिच्या गाडीला धडकली. लाल लोला खाचेतून उडाली आणि थेट दूरच्या वळणावर जाऊन पडली. त्या वळणावर रखवालदार कोण होते? तेच उंच गृहस्थ!

सर्वांच्या नजरा तिकडे वळल्या. ते वाकले, त्यांनी गाडी उचलली, जीभ नेमकी खाचेत बसवली आणि हात मागे घेतला. दोन सेकंदही लागले नसतील. गाडी पुन्हा सुसाट निघाली. वीज बंद झाली तेव्हा फळ्यावरचे आकडे सर्वांनी पाहिले. मुलीच्या फेऱ्या 231 झाल्या होत्या आणि वर पाऊण फेरी. अवघ्या अर्ध्या फेरीने, म्हणजे तीन सेकंदांच्या अंतराने, ती तिसरी आली होती.

गाडी उचलताना तीन सेकंदांहून थोडा अधिक उशीर झाला असता, तर तिसरा क्रमांक उंच गृहस्थांचाच होता. आणि गाडी दूर पडली होती, जीभ बसेना, असे म्हणायला कोणाची हरकत होती?

आजोबांनी त्यांचा हात आपल्या थरथरत्या हातांत घेतला. ते म्हणाले, “आपण जरा सावकाश उचलली असती, तरी कोणाला कळले नसते.”

“मला कळले असते,” ते गृहस्थ म्हणाले. “मग तिची गाडी खाचेत राहिली असती, पण माझी बाहेर गेली असती.”

मुलीने हे ऐकले. संध्याकाळी सर्व जण आपापल्या पेट्या आवरत होते. एका नवख्या मुलाच्या गाडीचे चाक निखळले होते आणि तो गोंधळून इकडे तिकडे पाहत होता. आपली पेटी बाजूला ठेवून ती त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, “दे पाहू तुझी गाडी.”

तिसऱ्या क्रमांकाचा चषक आजोबांच्या घरातील फळीवर ठेवलेला आहे. तो लहानसाच आहे. परंतु कोणी त्याच्याविषयी विचारले, की ती मुलगी आपल्या विजयाची गोष्ट सांगत नाही; वळणावर उभ्या असलेल्या त्या रखवालदाराची सांगते.

स्वाध्याय

1. खाचेतील गाडीला वेगळा ब्रेक का लागत नाही, ते तुमच्या शब्दांत सांगा.
2. प्रत्येक स्पर्धकाला आठही खाचांतून खेळावयास लावण्यात कोणता न्याय आहे?
3. “डाखाला घाई चालत नाही, आणि वळणालाही चालत नाही.” हा उपदेश मुलीला कोठे उपयोगी पडला?
4. “पण माझी बाहेर गेली असती,” असे उंच गृहस्थ का म्हणाले?
5. प्रतिस्पर्ध्याला मदत केल्याचा एखादा प्रसंग तुम्ही पाहिला असल्यास तो दहा ओळींत लिहा.