खोकला, शिंक आणि मास्क



“पाड्यावर वाटायला मास्क पाठवू का?” असे आपल्यापैकी काही जणांनी विचारले आहे. उत्तराआधी थोडे खोकल्याविषयी.

खोकताना, शिंकताना तोंडानाकातून थेंब उडतात. मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. अगदी बारीक कण मात्र बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. सर्दी हातांवरूनही पसरते. फुप्फुसाचा क्षय पसरतो तो या तरंगत्या कणांतून. ताटवाटीतून नाही. तरी आजाऱ्याचे ताट वेगळे काढायचे आणि रात्री सगळ्यांनी दार लावून एकाच खोलीत निजायचे, असे घरोघरी दिसते. त्या वेगळ्या ताटाने आजार थांबत नाही, माणूस मात्र दुखावतो.

मग मास्क कोणी लावावा? दक्षिण आफ्रिकेतील एका रुग्णालयात याची परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण एक दिवसाआड साधा सर्जिकल मास्क लावत. मास्कच्या दिवशी वॉर्डातील हवा ९० गिनिपिगांच्या एका खोलीत सोडत, बिनमास्कच्या दिवशी दुसऱ्या ९० गिनिपिगांच्या खोलीत. बिनमास्कच्या हवेने ६९ प्राण्यांना संसर्ग झाला, मास्कच्या हवेने ३६ जणांना. म्हणजे आजाऱ्याने मास्क लावला की धोका जवळपास निम्म्यावर येतो. पण ३६ हा आकडाही लहान नव्हे. निरोग्याने तोच मास्क लावला तर कडेच्या फटींतून हवा आत येतेच. रोज रुग्णांमध्ये काम करणाऱ्या परिचारिकेला चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ हवा.

मास्कइतकेच काम उघडी खिडकी करते, आणि तिला पैसे पडत नाहीत. आजाऱ्याने दिवसा अंगणात बसावे, खोकताना तोंडावर फडके किंवा पदर धरावा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत मिळतात, आणि योग्य औषध लागू पडले की संसर्गाचा धोका झपाट्याने उतरतो.

तेव्हा मास्क जरूर पाठवा, पण ते खोकणाऱ्यांसाठी. एखाद्या मंडळीला अधिक काही करायचे असेल, तर तपासणीला जाण्याचे एस.टी.चे भाडे द्यावे. मजुरी बुडवून तालुक्याला जायचे म्हणूनच पुष्कळ जण खोकला अंगावर काढतात.