संख्यारेषा आणि सममूल्य अपूर्णांक

अपूर्णांकांच्या पाठात एक अडचण वारंवार आढळते. १/२ व २/४ यांत मोठा कोणता, असे विचारल्यास पुष्कळ मुले २/४ असे उत्तर देतात. अंश मोठा, छेदही मोठा. तेव्हा अपूर्णांक मोठा, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. अशा वेळी ‘अंश व छेद यांना एकाच संख्येने गुणावे’ हा नियम पाठ करवून घेतल्याने उत्तर सुधारते, समज सुधारत नाही. नियमाआधी संख्यारेषा आली पाहिजे.

मुलांकडून वहीत १२ सेंटिमीटर लांबीच्या तीन रेषा एकाखाली एक काढून घ्याव्यात. प्रत्येकीच्या डाव्या टोकाशी ० व उजव्या टोकाशी १ लिहावा. सर्व शून्ये एकाच उभ्या ओळीत असावीत. लांबी समान असणे अत्यावश्यक आहे. एकक बदलले की तुलना फसते. पहिल्या रेषेचे २, दुसरीचे ४ व तिसरीचे ६ समान भाग करावेत. खुणा न मोजता भाग मोजावयास सांगावे, कारण शून्याची खूण मोजली गेल्यास उत्तर चुकते. आता पट्टी उभी धरताच १/२, २/४ व ३/६ हे तिन्ही शून्यापासून ६ सेंटिमीटरवर दिसतात. नावे तीन, स्थान एक.

असे का होते? प्रत्येक भागाचे दोन तुकडे केले म्हणजे एकूण भाग दुप्पट होतात, तसेच घेतलेले भागही दुप्पट होतात. अंतर मात्र तेवढेच राहते. नियमाचे मर्म एवढेच आहे. उलट, अंश व छेद यांत १ मिळविल्यास १/२ चे २/३ होतात आणि बिंदू ८ सेंटिमीटरवर सरकतो. हेही मुलांनी तीन भागांची रेषा काढून पाहावे.

व्यवहारातील उदाहरण रुपयाचे घ्यावे. पूर्वी रुपयाचे १६ आणे असत. १ एप्रिल १९५७ पासून १०० पैसे झाले. अर्धा रुपया म्हणजे ८/१६ आणि ५०/१०० ही. म्हणूनच ५० पैशांना ‘आठ आणे’ म्हणण्याचा प्रघात टिकला. पाव रुपयाची, म्हणजे ४/१६ व २५/१०० यांची, खूणही एकच. एका आण्याची खूण मात्र ६ व ७ पैशांच्या खुणांमध्ये पडते.

शेवटी विचारावे, ‘सहा भागांच्या रेषेवर २/३ च्या जागी काय येईल?’ रेषेवर बोट ठेवून ‘४/६’ म्हणणाऱ्या मुलास नियम निराळा सांगावा लागत नाही.