कुत्र्यास शिकवावें कसें?

आपल्या बीड जिल्ह्यांतील बहुतेक कुत्र्यांना माणसाचे दोनच शब्द ठाऊक असतात. एक 'यू यू' आणि दुसरा 'हाड'. पहिल्यानें आपण त्यांस बोलावितों व दुसऱ्यानें हाकलितों. शेतांतला आखाडा राखणारा कुत्रा घ्या, धनगराच्या मेंढरांमागें फिरणारा घ्या, किंवा ऊसतोडीस निघालेल्या बैलगाडीखालून चालणारा घ्या. त्याच्याकडून राखणीचें मोठें काम आपण घेतों, पण त्यास शिकवितों तें एवढेंच. मग तो अंगावर उड्या मारतो, चपला कुरतडतो, रात्रभर भुंकतो किंवा ताटलीजवळ आलेल्या मुलावर गुरगुरतो, तेव्हां काठी उचलली जाते. काठीनें न भागल्यास त्यास दूरच्या गांवच्या शिवारांत सोडून देतात. काठी आणि हकालपट्टी यांवांचून तिसरा मार्ग आहे, व तो शाळकरी मुलासहि घरच्यांच्या देखरेखीखालीं चालतां येण्यासारखा आहे. त्याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मूळ तत्त्व पाहूं. थॉर्नडाइक नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भुकेलेल्या मांजरांना व कुत्र्यांना पेटींत कोंडून बाहेर अन्न ठेविलें. प्राणी प्रथम नुसती धडपड करी. त्या धडपडींत केव्हां तरी कडी निघे व अन्न मिळे. पुढच्या प्रत्येक खेपेस कडी काढण्यास त्यास कमी कमी वेळ लागे. ज्या कृतीच्या पाठोपाठ समाधान मिळतें ती कृति मनांत दृढ होते, असा नियम त्यानें यावरून बसविला. शिक्षेनें नको ती कृति तितक्याच जोरानें पुसली जाते असें त्यास आरंभीं वाटे. परंतु पुढें अधिक प्रयोगांनंतर त्यानें स्वतःच हें मत बदललें. शिक्षेचा परिणाम बक्षिसाएवढा भरंवशाचा नाहीं, असें त्यास दिसून आलें.

दुसरें नांव रशियाच्या पावलॉव्हचें. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल त्यास १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अन्न येण्याची खूण दिसतांच, अन्न तोंडांत पडण्यापूर्वींच, कुत्र्यास लाळ सुटते, हें त्यानें दाखविलें. खूण आणि तिच्या पाठोपाठ येणारी वस्तु यांची कुत्रा मनांत गांठ बांधतो. हीच गांठ काठीशींहि बांधली जाते. हाका मारून उशिरां आलेल्या कुत्र्यास धनी मारतो. धन्यास वाटतें, आपण उशिराबद्दल शिक्षा केली. कुत्र्यास मात्र एवढेंच कळतें कीं, धन्याजवळ गेलें म्हणजे मार बसतो. दुसऱ्या दिवशीं तो आणखी उशिरां येतो, आणि धनी म्हणतो, कुत्रा हट्टी आहे!

यावरून पहिला धडा निघतो. हवी ती गोष्ट कुत्र्यानें केली कीं, एकदोन क्षणांतच त्यास भाकरीचा कुटका द्यावा. बक्षीस उशिरां दिलें, तर तें कशाबद्दल मिळालें हें त्यास उमगत नाहीं. कुटका बोटाच्या पेराहून लहान असावा. चतकोर भाकरींत दिवसाचा सारा पाठ उरकतो. कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका व चॉकोलेट हे पदार्थ कुत्र्यास अपायकारक आहेत. ते कधींहि देऊं नयेत.

आतां नेहमींच्या खोडी घेऊं. कुत्रा अंगावर उडी मारतो, कारण त्यास आपलें लक्ष हवें असतें. ओरडणें आणि ढकलणें हेंहि त्याच्या लेखीं लक्षच होय. म्हणून पाठ फिरवून स्तब्ध उभें राहावें. चारी पाय जमिनीवर टेकतांच कुरवाळावें व कुटका द्यावा. 'बस' शिकवावयाचें असेल तर कुटका नाकाजवळ धरून हळूहळू डोक्यावरून मागें न्यावा. मान वर होते व मागचा भाग आपोआप टेकतो. त्याच क्षणीं 'बस' म्हणून कुटका द्यावा. बसलेला कुत्रा उडी मारूं शकत नाहीं, हें ध्यानीं ठेवावें.

पिल्लूं चपला चावतें तेव्हां बहुधा त्याचे दांत येत असतात. चौथ्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत पक्के दांत येतात. चपला उंचावर ठेवाव्या व त्यास जुन्या सुती कापडाची गांठ चावावयास द्यावी. पिल्लानें घरांत घाण केल्यास त्याचें नाक त्यांत घासणें ही क्रूर व निरुपयोगी रीत आहे. तें झोपून उठतांच, खाऊन होतांच व खेळून होतांच त्यास अंगणांत न्यावें, आणि तेथें काम उरकतांच शाबासकी द्यावी. रात्रभर भुंकणारा कुत्रा बहुधा दिवसभर सांखळीस बांधलेला असतो. त्यास सकाळ-संध्याकाळ फिरवून आणावें. थकलेला कुत्रा कारणावांचून फारसा भुंकत नाहीं.

गुरगुरण्याविषयीं मात्र विशेष सांगणें आहे. गुरगुरणें ही कुत्र्याची सूचना आहे. त्याबद्दल मारल्यास भय जात नाहीं, केवळ सूचना जाते. आणि मग कुत्रा न गुरगुरतां चावतो. जेवणाऱ्या कुत्र्याची ताटली ओढूं नये. मोठ्या माणसानें दुरूनच त्याच्याकडे अधिक चांगला घांस टाकून निघून जावें. माणूस जवळ आला म्हणजे कांहीं जात नाहीं, उलट मिळतें, ही गांठ त्याच्या मनांत बसली पाहिजे. मुलांनीं जेवणाऱ्या, झोंपलेल्या किंवा पिलांजवळच्या कुत्र्याच्या वाटेस जाऊं नये, आणि अनोळखी कुत्र्यावर हे पाठ करून पाहूं नयेत.

एवढेंहि करून कुत्रा चावलाच, तर जखमेवर मिरची, हळद अथवा चुना लावूं नये. साबण व वाहतें पाणी यांनीं पंधरा मिनिटें जखम धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. पिसाळ रोगाचीं लक्षणें एकदां दिसलीं म्हणजे रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. वेळींच घेतलेली लस मात्र जीव वांचविते. घरच्या कुत्र्यासहि दरसाल पशुवैद्याकडून ही लस टोंचून घ्यावी.

असे लाड करून कुत्रा बिघडेल, अशी शंका कित्येक पालकांस येईल. त्यांनीं मुंबई पोलिसांच्या 'जंजीर'चें नांव आठवावें. १९९३ सालच्या बाँबस्फोटांच्या काळांत स्फोटकें हुडकून काढून या लॅब्राडोर कुत्र्यानें कीर्ति मिळविली. २००० सालीं तो मरण पावला. वासावर काम करणाऱ्या कुत्र्यांना शिकवितांना, नेमका वास सांपडला कीं, लगेच खेळणें किंवा खाऊ द्यावा, अशी रीत जगभर रूढ आहे. जीं माणसें आपला जीव कुत्र्याच्या नाकावर सोंपवितात तीं बक्षिसावर भरंवसा ठेवितात, मग आपल्या अंगणांतल्या कुत्र्यास तें कां नसावें? शिवाय जनावरास निष्ठुरपणें मारणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हाहि आहे.

एक गोष्ट राहिली. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस जातात. पुढें पांच-सहा महिने घरीं आजी-आजोबा, एखादें लहान मूल आणि कुत्रा राहतात. ज्यास बापाच्या काठीचाच धाक होता, तो कुत्रा काठी दूर जातांच अनावर होतो, आणि त्याचा त्रास म्हाताऱ्या हातांस सोसावा लागतो. म्हणून, विद्यार्थ्यांनो, दिवाळीपूर्वींच 'ये', 'बस' आणि 'थांब' हे तीन शब्द त्यास शिकवा. रोज दोन वेळ पांच पांच मिनिटें पुरेशीं आहेत. घरांतील सर्वांनीं तेच शब्द वापरावे, आणि आजीच्या हातूनहि कुटके देववावे. म्हणजे तो तिचेंहि ऐकूं लागेल.