फंक्शनच्या डोक्यावरच्या चार ओळी

चि. सोनू हिस,


तू पाठवलेला सीचा प्रोग्रॅम काल रात्री वाचला. उत्तर बरोबर येतं, याचा आनंद झाला. पण त्यातलं एक फंक्शन दीडशे ओळींचं आहे आणि कुठला कंस कुठल्या इफचा, हे मला बोट ठेवून शोधावं लागलं. म्हणून हे पत्र.

कंपायलर महिरपी कंस आणि अर्धविराम बघतो. माणूस आधी ओळ किती आत सरकली आहे ते बघतो. दोघांचं वाचन वेगळं झालं की घात होतो. २०१४ साली ॲपलच्या आयफोन आणि मॅकमधली अशीच एक चूक उघडकीस आली. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या फंक्शनमध्ये 'गोटू फेल' ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. इफला कंस नव्हते. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत, त्यामुळे ती इफच्या पोटातली वाटे. प्रत्यक्षात ती बाहेर होती आणि अट खोटी असली तरी चालत होती. पुढची सही तपासलीच जात नव्हती आणि फंक्शन मात्र 'सगळं ठीक' असं कळवत होतं.

तेव्हा इफमध्ये एकच ओळ असली तरी कंस दे. लिनक्स कर्नलमध्ये तिथे कंस देत नाहीत, पण तू दे. त्यांचा दुसरा नियम मात्र जरूर उचल: तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत जावं लागलं, तर फंक्शनची मांडणीच बदलायची.

आता कॉमेंट. 'आय प्लस प्लस'पुढे तू 'आय एकने वाढवला' असं लिहिलं आहेस. ते ती ओळच सांगते. कोडमधून जे दिसत नाही, ते लिहावं. स्ट्रडप आणि गेटएन्व्ह ही दोन फंक्शनं घे. दोन्ही एक स्ट्रिंग घेतात, दोन्ही कॅर पॉइंटर परत देतात. घोषणा अगदी सारखी. पण स्ट्रडपने दिलेली मेमरी आपण फ्री करायची, गेटएन्व्हच्या मेमरीला हातही लावायचा नाही. हा फरक शब्दांतच सांगावा लागतो. म्हणून प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर लिही: ते काय करतं, नल चालतो का, लांबीत शेवटचा शून्य बाइट धरला आहे का, चूक झाली तर काय परत येतं, फ्री कोणी करायचं.

आणि लिहिलेलं खरं ठेव. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका फंक्शनमधलं मॅलॉक काढून स्टॅटिक बफर घातला. वरची 'वापरून झाल्यावर फ्री करावे' ही कॉमेंट तशीच राहिली. सहकाऱ्याने तिच्यावर विश्वास ठेवून फ्री केलं आणि प्रोग्रॅम ग्राहकाकडे कोसळला. दोन दिवस तो स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसला होता. चूक माझी होती. त्याचा तो ओढलेला चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून फंक्शन बदललं की वरची कॉमेंट वाचल्याशिवाय मी फाइल बंद करत नाही.

ते दीडशे ओळींचं फंक्शन फोड. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावरच्या ओळी आधी लिही, कोड मग. जिथे ओळी सुचणार नाहीत, तिथे तो तुकडा काय करतो हे तुझं तुलाच अजून ठरलेलं नाही, असं समज आणि थांब. झालं की मला पाठव. या वेळी बोट न ठेवता वाचायचं आहे.

तुझा,
मामा