कँटोनीजमधली ‘लेक्’ : हुशार मुलांचं कौतुक कसं करावं?

मराठीत ‘लेक’ म्हणजे आपलं मूल. कँटोनीज भाषेत ‘लेक्’ म्हणजे हुशार! हुशार मुलगा ‘लेक्-चय्’, हुशार मुलगी ‘लेक्-नोय्’. हा नुसता योगायोग, पण शब्द लक्षात ठेवायला बरा. ही भाषा हाँगकाँगमध्ये, दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात आणि गोव्यासारखंच पोर्तुगीज सत्तेखाली राहिलेल्या मकावमध्ये बोलली जाते.

रोजच्या बोलण्यातला दुसरा शब्द ‘सिंग-मुक्’, म्हणजे ‘जागे डोळे’. न सांगता काय हवंय ते ओळखणाऱ्या चुणचुणीत पोराला असं म्हणतात.

जरा भारदस्त कौतुक करायचं तर चार अक्षरी वाक्प्रचार येतात. यातले बरेच सगळ्या चिनी बोलींत आहेत. फक्त उच्चार कँटोनीज.

१) मन् यत् ची सप् : एक ऐकून दहा जाणणं. कन्फ्यूशियसचा शिष्य झिगोंग याने यान हुई या सहाध्यायाची थोरवी अशी सांगितली. स्वतःला मात्र एकावरून दोनच कळतात, हेही त्याने कबूल केलं.

२) कोय् यत् फान् साम् : एक कोपरा दाखवला की उरलेले तीन स्वतः शोधणं. हे पाठांतराचं नव्हे, विचाराचं कौतुक.

३) यन् सय् क्वय् ताय् : माणूस लहान, भूत मोठं. हा खास कँटोनीज बोलीतला. आपण म्हणतो ना, ‘याच्या पोटात दाढी आहे’, तसंच. कौतुक आहे, पण चिमटाही आहे!

आता एक धोका. ‘सिउ सी लिउ लिउ’ म्हणजे ‘लहानपणी चलाख’. ऐकायला गोड वाटतं, पण पुढचा अर्धा भाग असा, की मोठेपणी तसाच निघेल असं नाही. दहा वर्षांच्या कोंग रोंगला एका अधिकाऱ्याने हेच ऐकवलं होतं. मग तुम्ही लहानपणी भलतेच चलाख असणार, असं त्या पोराने लगेच उलट सुनावलं! पुढचा भाग न उच्चारताही ऐकणाऱ्याला तो आठवतो. म्हणून आईबापांसमोर हा वाक्प्रचार कौतुक म्हणून वापरू नका.

यातून शिकायचं काय? परभाषेतल्या म्हणीचा शब्दार्थ कळला म्हणजे ती कळली असं नाही. ती कोण, कुणाला, कधी म्हणतं, हे कळायला हवं.

अभ्यास : ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण कौतुकाची की टोमण्याची? दोन्ही प्रसंगांची एकेक ओळ लिहून आणा.