तेल बाटलीबंद करण्याचे यंत्र : खरेदीपूर्वीचे अंदाजपत्रक

घाणीतून तेल निघाले म्हणजे उद्योग पुरा झाला, अशी समजूत अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः तेल मोजून बाटलीत भरणे, झाकण लावणे, वजन पडताळणे व बाटली ग्राहकाच्या हाती देणे, हा त्याच उद्योगाचा दुसरा अर्धा भाग होय. 2011 च्या अन्नसुरक्षा विनियमांनी खाद्यतेल सुटे विकण्यास सर्वसाधारणपणे मनाई केलेली असल्यामुळे हा भाग टाळताही येत नाही. म्हणून घाणी चालविणाऱ्या अथवा चालवू इच्छिणाऱ्या शेतकरी गटांनी भरणी यंत्राचा खर्च कसा मांडावा, याचा विचार येथे केला आहे. उदाहरणासाठी दिग्रस परिसरातील एक काल्पनिक गट घेतला आहे. त्यातील किंमती, मजुरी व खर्चाचे आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून गृहीत धरलेले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपापले आकडे घालावेत.

प्रथम कच्चा माल पाहावा

दिग्रस तालुक्यातील मुख्य पिके कापूस, सोयाबीन व तूर ही होत. यांपैकी सोयाबीनमध्ये तेलाचे प्रमाण सुमारे 18 ते 20 टक्केच असते, व ते पुरतेपणी काढण्यास विद्रावकाचा मोठा कारखाना लागतो. सरकीचे तेल शुद्धीकरणावाचून खाण्यास योग्य ठरत नाही. लहान घाणीला सोयीची बियाणी म्हणजे भुईमूग, तीळ, करडई व जवस. तेव्हा आपल्या भागात यांपैकी कोणते पीक किती निघते, हे यंत्राचे माहितीपत्रक उघडण्यापूर्वीच पाहिले पाहिजे.

समजा, गटाची घाणी रोज 300 किलो शेंगदाणे गाळते व 40 टक्के तेल मिळते. म्हणजे रोज 120 किलो तेल निघेल. एक लिटर तेलाचे वजन सुमारे 0.91 किलो धरल्यास हे तेल 132 लिटर भरते. वर्षात 250 दिवस काम चालले, तर 33,000 बाटल्या होतील. त्यासाठी 750 क्विंटल शेंगदाणे लागतील. हेक्टरी 10 क्विंटल दाणे धरले, तर 75 हेक्टर भुईमूग हवा. अरुणावती प्रकल्पाचे पाणी मिळणाऱ्या शेतांत उन्हाळी भुईमूग घेता येतो हे खरे. परंतु सभासदांपैकी कोण किती क्षेत्र पेरणार आणि माल गटाकडेच आणणार काय, हे नावानिशी लिहून घ्यावे. उरलेला माल बाजारातून घ्यावयाचा असल्यास तेथील तेजीमंदीही हिशेबात धरावी.

यंत्र केवढे असावे ?

भरणीची साधने स्थूलमानाने तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार म्हणजे तोटी असलेली टाकी, वजनकाटा व हाताने झाकण बसविण्याचे साधन. दुसरा प्रकार अर्धस्वयंचलित दट्ट्याच्या यंत्राचा. यात दट्ट्या ठराविक मापाचे तेल ओढून बाटलीत सोडतो आणि बाटली माणूस ठेवतो व उचलतो. तिसरा प्रकार पूर्ण स्वयंचलित यंत्राचा असून त्यात बाटल्या पट्ट्यावरून आपोआप सरकतात.

अर्धस्वयंचलित यंत्र मिनिटास 8 बाटल्या भरते असे समजू. बाटल्या मांडणे, गळती पुसणे यांत जाणारा वेळ वजा घालून 60 टक्केच काम धरले, तरी तासाला 288 बाटल्या होतात. आपल्या 132 बाटल्या अर्ध्या तासाच्या आत संपतील. मिनिटास 40 बाटल्या भरणारे स्वयंचलित यंत्र हेच काम तीन-चार मिनिटांत उरकून दिवसभर झाकून राहील, पण त्याच्या कर्जावरील व्याज मात्र रात्रंदिवस चालू राहील. यंत्राची शक्ती घाणीच्या उत्पन्नावरून व विक्रीवरून ठरवावयाची असते, विक्रेत्याच्या शिफारशीवरून नव्हे.

दोन पर्यायांचा वार्षिक हिशेब

तिसरा प्रकार बाजूस ठेवून उरलेल्या दोहोंची तुलना करू. मजुरी तासाला 60 रुपये व तेलाचा भाव लिटरला 250 रुपये धरला आहे.

(अ) हातभरणी : साहित्य 40,000 रुपये, आयुष्य 5 वर्षे. घसारा 8,000, व्याज 2,000, दुरुस्ती 2,000, मिळून स्थिर खर्च 12,000 रुपये. तासाला 40 बाटल्या या वेगाने धुण्यापुसण्यासह दोन माणसे रोज 4 तास लागतात. त्यांची मजुरी वर्षास 1,20,000 रुपये. माप कमी पडू नये म्हणून हाताने दर बाटलीत सरासरी 8 मिलिलिटर तेल जास्त जाते असे धरल्यास वर्षास 264 लिटर, म्हणजे 66,000 रुपयांचे तेल फुकट जाते. एकूण 1,98,000 रुपये, अर्थात बाटलीमागे 6 रुपये.

(आ) अर्धस्वयंचलित यंत्र : भरणी यंत्र, झाकणयंत्र, कॉम्प्रेसर, तारीख छापण्याचे साधन, वीजजोडणी, कर, वाहतूक व उभारणी धरून 3,60,000 रुपये, आयुष्य 10 वर्षे. घसारा 36,000, सरासरी भांडवलावर 10 टक्के व्याज 18,000, दुरुस्ती 18,000, वीज 6,000, मिळून स्थिर खर्च 78,000 रुपये. दोन माणसे रोज 2 तास, मजुरी 60,000 रुपये. जादा जाणारे तेल बाटलीमागे 3 मिलिलिटर, म्हणजे 99 लिटर, किंमत 24,750 रुपये. एकूण 1,62,750 रुपये, अर्थात बाटलीमागे सुमारे 4 रुपये 93 पैसे.

33,000 बाटल्या होत असतील, तर यंत्र घेतल्याने वर्षास 35,250 रुपये वाचतात. मात्र पावसाने दगा दिला आणि 15,000 बाटल्याच भरल्या, तर चित्र उलटते. हातभरणीस बाटलीमागे सुमारे 6 रुपये 44 पैसे, तर यंत्रास 7 रुपये 77 पैसे पडतात. दोन्ही पर्याय सुमारे 21,500 बाटल्यांवर समान ठरतात. विदर्भातील कोरडवाहू शेतीत एखादे वर्ष वाईट जाणारच, हे गृहीत धरून वाईट वर्षीही या आकड्याच्या वर राहण्याची खात्री असेल तरच कर्ज काढून यंत्र घ्यावे. ती नसल्यास पहिली दोन वर्षे हातभरणीने काढून गिऱ्हाईक बांधावे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

अनुदानाचा विचार

2020 साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत वैयक्तिक उद्योगास पात्र प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, असे कर्जाशी निगडित अनुदान ठेवण्यात आले होते. गटांसाठी नियम निराळे असतात. अर्ज करतेवेळी कोणती योजना चालू आहे, याची चौकशी कृषी कार्यालयात करावी. तथापि हिशेब प्रथम अनुदान न धरता मांडावा. दहा वर्षांनी यंत्र झिजेल तेव्हा नवे यंत्र पूर्ण किंमत देऊनच घ्यावे लागेल, म्हणून घसाराही पूर्ण किंमतीवरच धरावा. केवळ अनुदान मिळते म्हणून मोठे यंत्र घेणे म्हणजे उरलेले 65 टक्के विनाकारण गुंतविणे होय.

खेळते भांडवल

अनेकांचे अंदाजपत्रक येथेच चुकते. वरील उदाहरणात महिन्याच्या 25 दिवसांस 75 क्विंटल शेंगदाणे लागतात. किलोस 100 रुपये भाव धरल्यास एका महिन्याचा साठाच 7,50,000 रुपयांचा होतो, म्हणजे यंत्राच्या किंमतीच्या दुपटीहून अधिक. शिवाय बाटल्या, झाकणे, चिठ्ठ्या व खोकी आहेत, आणि दुकानदाराकडील उधारीही आहे. सारी रक्कम यंत्रात घातली, तर सुगीत माल स्वस्त असताना खरेदीस पैसा उरत नाही व यंत्र मालावाचून उभे राहते.

माप व वजन

2011 च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे एक लिटरच्या बाटलीत कमाल 15 मिलिलिटरची तूट क्षम्य आहे. पण तपासलेल्या बाटल्यांची सरासरी लिहिलेल्या मापाहून कमी असता कामा नये. तेल उष्णतेने फुगते. एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन 21 अंश सेल्सिअसला 919 ग्रॅम, तर 60 अंशांना 892.6 ग्रॅम भरते. म्हणूनच तपमानाचा उल्लेख न करता मापाबरोबर वजनही छापावे, असे केंद्र शासनाने 2022 मध्ये उत्पादकांना सांगितले. दट्ट्याचे यंत्र आकारमान मोजते, वजन नव्हे. सकाळच्या थंडाव्यात बसविलेले माप उन्हाळ्याच्या दुपारी, तेल 20 अंशांनी तापल्यावर, लिटरमागे 13-14 ग्रॅम कमी भरेल. यास्तव प्रमाणित वजनकाटा अंदाजपत्रकात अवश्य धरावा व दिवसातून निदान दोनदा माप पडताळावे.

खरेदी करताना

निदान तीन विक्रेत्यांकडून लेखी दरपत्रके मागवावीत व कर, वाहतूक, उभारणी आणि शिकवणी धरून पडणाऱ्या किंमतीची तुलना करावी. आपले तेल व आपल्या बाटल्या नेऊन यंत्र चालवून पाहावे. तोटी बंद झाल्यावर तेल ठिबकते काय, अर्धा लिटर व एक लिटर बाटल्यांसाठी वेगळे भाग घ्यावे लागतात काय, यंत्रास एकफेजी वीज पुरते काय आणि सुटे भाग किती दिवसांत मिळतात, हे विचारून घ्यावे. तेलास लागणारे भाग अन्नास योग्य अशा गंजरोधक पोलादाचे असावेत. घाणीचे तेल निवळून व गाळूनच यंत्रात घालावे. गाळाने दट्ट्याची वेष्टने झिजतात आणि बाटलीच्या तळाशी साका बसून गिऱ्हाईक दुरावते.

शेवटी, अंदाजपत्रक एकट्या सचिवाने न करता सर्व सभासदांसमोर वाचून दाखवावे. चांगल्या वर्षाचा व वाईट वर्षाचा, असे दोन्ही हिशेब फळ्यावर मांडावेत. कर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यात व कोणत्या पैशातून फिटणार, याचे उत्तर प्रत्येक सभासदास देता आले, म्हणजे यंत्र मागविण्यास हरकत नाही.