शब्दयादीकडून पुस्तकाकडे : चिनी विद्यार्थ्याला इंग्रजी वाचायला शिकवण्याची कृती

चिनी मातृभाषेचा विद्यार्थी इंग्रजीत कुठे अडतो, हे त्याची शब्दांची वही पाहून कळत नाही. वहीत दोन-तीन हजार शब्द असतात, प्रत्येकासमोर नेटका चिनी अर्थ असतो, तरीही साधा उतारा वाचताना तो दर ओळीला थांबतो. मेहनत कमी पडते असं अजिबात नाही. चीनमध्ये बहुतेक शाळांत तिसरीपासून इंग्रजी असतं. गाओकाओ या विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या ७५० गुणांपैकी १५० इंग्रजीचे असतात आणि त्यासाठी सुमारे तीन हजार शब्द यावेत अशी अपेक्षा असते. परीक्षेची तारीख ठरलेली, शब्दांची संख्याही ठरलेली. मग मुलं यादी पाठ करतात. यादीतला शब्द मात्र एका चिनी अर्थाला बांधलेला राहतो आणि वाक्यात वेगळ्या अर्थाने आला की ओळखू येत नाही.

ही कृती अशा विद्यार्थ्याला मदत करणाऱ्यासाठी आहे. चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे मराठी विद्यार्थी, सिंगापूर-ऑस्ट्रेलियात चिनी शेजारी किंवा वर्गमित्र असलेली मराठी कुटुंबं यांच्याकडे अशी मदत मागितली जाते. कृतीचं सूत्र एकच आहे : शब्द वाचनातून घ्यायचा आणि तो पुन्हा वाचनातच भेटला पाहिजे.

लागणारं साहित्य

• स्तरांनुसार लिहिलेली गोष्टींची पुस्तकं. ऑक्सफर्डची 'बुकवर्म्स' मालिका चीनमध्ये इंग्रजी-चिनी द्विभाषिक रूपातही मिळते. तिच्या पहिल्या स्तरात ४०० मूळ शब्द वापरलेले असतात, दुसऱ्यात ७००, तिसऱ्यात १०००, चौथ्यात १४०० आणि सहाव्यात २५००.

• शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश. लाँगमनच्या कोशात अर्थ सांगायला सुमारे दोन हजार सोपे शब्दच वापरतात, त्यामुळे अर्थ वाचणं हेही वाचनच होतं.

• एक वही, पेन्सिल आणि उच्चार ऐकायला फोन.

• रोज पाऊण तास. रविवारी चार तास बसण्यापेक्षा हा पाऊण तास जास्त उपयोगी पडतो.

पायरी १ : पातळी तपासा

पुस्तकातला शंभर शब्दांचा कोणताही तुकडा निवडा. विद्यार्थ्याला अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगा. अर्थ पाठ आहे पण या वाक्यात तो बसत नाही, अशा शब्दाखालीही रेघ हवी. रेघा दोनपर्यंत असतील तर पुस्तक त्याने एकट्याने वाचावं. तीन ते पाच असतील तर तुमच्या सोबतीने. पाचांहून जास्त असतील तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा.

ही मोजणी न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांच्या संशोधनाला धरून आहे. मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, म्हणजे पन्नासात एकच अनोळखी. कादंबरी किंवा वर्तमानपत्र इतक्या सहजतेने वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुटुंब) लागतात, असा नेशन यांचा २००६ मधला हिशेब आहे. तीन हजार शब्दांच्या बळावर थेट कादंबरी हातात घेणाऱ्या मुलाचा धीर का सुटतो, ते यावरून समजेल. सतरा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या स्तराचं पुस्तक बालिश वाटतं. त्याला स्पष्ट सांगा की हे पुस्तक वेग वाढवण्यासाठी आहे आणि वेग सोप्या मजकुरावरच वाढतो.

पायरी २ : अर्थाच्या आधी आवाज

चिनी मुलाला रोमन अक्षरं आधी पिनयिनमधून भेटतात. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या, १९५८ मध्ये चीनने स्वीकारलेल्या या पद्धतीत 'सी' या अक्षराचा उच्चार 'त्स'सारखा, 'क्यू'चा 'च'च्या आणि 'एक्स'चा 'श'च्या जवळचा होतो. ही सवय इंग्रजीत आडवी येते. शिवाय मँडरिनमध्ये शब्दावयवाचा शेवट स्वराने, नाहीतर अनुनासिकाने होतो, फार तर 'र'ने, जोडव्यंजनं नसतातच. त्यामुळे शेवटचे 'ट', 'ड', 'स' कानाला लागत नाहीत आणि भूतकाळ किंवा अनेकवचन दाखवणारं शेपूट डोळ्यांनाही दिसेनासं होतं.

नवा शब्द आला की हा क्रम ठेवा :

१. फोनवर उच्चार दोनदा ऐका.
२. शब्द न पाहता तो मोठ्याने म्हणा.
३. त्याचे अवयव पाडा आणि जोर कुठे आहे तिथे खूण करा.
४. मग स्पेलिंग पाहा.

इंग्रजी शब्दावर चिनी चित्राक्षरांत उच्चार लिहू देऊ नका. आपल्याकडची मुलं देवनागरीत लिहितात तशीच ही सवय आहे, पण चिनी लिपीतून जोडव्यंजनं उतरतच नाहीत, म्हणून तिथे नुकसान जास्त. चिनी शाळांत सकाळी मोठ्याने वाचनाचा तास असतो. ती रीत चांगली आहे; फक्त यादीऐवजी कालच्या गोष्टीतलं अर्धं पान वाचायला द्या.

पायरी ३ : शब्द वाक्यासकट उचला

रोज आठ ते दहा शब्द पुरेत, तेही त्या दिवशी वाचलेल्या पानावरचे. निवडीला एक चाळणी लावा : हा शब्द पुन्हा भेटणार आहे का? मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार नित्याच्या इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. रोजच्या मजकुराचा मोठा भाग अशाच शब्दांचा असतो. ते पक्के झाले की विद्यापीठाकडे निघालेल्या मुलाला ॲव्हरिल कॉक्सहेड यांच्या २००० सालच्या यादीतली ५७० अभ्यासविषयक शब्दकुटुंबं हाती घ्यायला सांगा.

वहीत प्रत्येक शब्दासाठी चार ओळी ठेवा : शब्द आणि उच्चाराची खूण, पुस्तकातलं मूळ वाक्य, सोप्या इंग्रजीतला अर्थ, आणि त्याच्या सोबत येणारा शब्द. चिनी अर्थ लिहायचाच तर शेवटी, पेन्सिलीने.

चौथी ओळ सर्वांत मोलाची. चिनीत दिवा 'उघडतात', औषध 'खातात' आणि पुस्तक 'पाहतात'. सुटा शब्द शिकलेला मुलगा इंग्रजीतही दिव्याला 'ओपन' लावतो. 'टर्न ऑन द लाइट', 'टेक मेडिसिन', 'रीड अ बुक' या जोड्या एकत्रच लिहिल्या की चूक मुळातच टळते.

पायरी ४ : वाक्याचा कणा शोधा

चिनी विद्यार्थ्यांच्या वर्णानुक्रमी शब्दपुस्तकांत पहिल्याच पानावर 'अबँडन' असतो, त्यामुळे तो जवळजवळ प्रत्येकाला पाठ असतो. हे वाक्य त्यांना वाचायला द्या : 'द ब्रिज दॅट माय ग्रँडफादर बिल्ट वॉज अबँडन्ड आफ्टर द फ्लड.' पाठ केलेला अर्थ 'हार मानून सोडणे' असा असतो, आणि पूल हार कशी मानेल, इथे मुलगा अडतो. दुसरी अडचण रचनेची. चिनीत वर्णन नामाच्या आधी येतं. मराठीतही आपण 'आजोबांनी बांधलेला पूल' म्हणतो. इंग्रजी मात्र आधी पूल सांगते आणि वर्णन मागून जोडते. मग मुलगा 'बिल्ट' हेच मुख्य क्रियापद समजतो आणि उरलेलं वाक्य लोंबकळत राहतं.

पेन्सिल घेऊन असं करा :

१. सगळ्या क्रियापदांखाली रेघ मारा : 'बिल्ट', 'वॉज अबँडन्ड'.
२. 'दॅट'पासून 'बिल्ट'पर्यंत कंस घाला.
३. कंस सोडून वाचा : पुरानंतर पुलाचा वापर थांबला.
४. आता कंस उघडा : कोणता पूल? आजोबांनी बांधलेला.
५. पुलाचं काय झालं, हे इंग्रजीतच विचारा आणि उत्तरही इंग्रजीत घ्या. भाषांतर मागू नका.

अशी दोन वाक्यं रोज पुरेत. त्यांतच आणखी तीन जागांचा सराव होऊ द्या.

पहिली जागा काळाची. चिनी क्रियापदाचं रूप काळानुसार बदलत नाही, म्हणून 'हॅड' दिसलं तरी मुलगा घटना लिहिलेल्या क्रमानेच घडल्या असं धरतो. त्याला घटनांना घडल्याच्या क्रमाने आकडे द्यायला लावा.

दुसरी जागा 'ऑल्दो'ची. चिनीत आपल्या 'जरी-तरी'सारखी जोडी आहे, त्यामुळे तो पुढे 'बट' येण्याची वाट पाहत बसतो. इंग्रजीत 'बट' येत नाही. वाक्य 'ऑल्दो'ने सुरू झालं की स्वल्पविरामानंतर मुख्य विधान सुरू होतं, हे पक्कं करून घ्या.

तिसरी जागा मोठ्या आकड्यांची. चिनी मोजणी दहा हजार आणि दहा कोटी या एककांवर चालते. १.४ बिलियन म्हणजे त्याच्या हिशेबाने दहा कोटींची चौदा एककं, आपल्या हिशेबाने १४० कोटी. लाख-कोटीत वाढलेल्या मराठी माणसाला ही अडचण सांगावी लागत नाही. एक छोटा तक्ता करून वहीच्या मलपृष्ठावर चिकटवा.

पायरी ५ : शब्दांची कुळं लावा

मराठी मूल शाळेत जाण्याआधीच टेबल, स्टेशन, डॉक्टर, मोबाइल हे शब्द बोलतं. चिनी मुलाकडे ही शिदोरी फार थोडी असते, कारण चिनी भाषा परके शब्द सहसा जसेच्या तसे न घेता आपल्या घटकांतून नवे घडवते. तिथे संगणक म्हणजे 'विद्युत-मेंदू', टेलिफोन म्हणजे 'विद्युत-बोलणं', चित्रपट म्हणजे 'विद्युत-छाया'. याचा फायदा घ्या. तुकडे जोडून अर्थ लावायची त्याची सवय पक्की असते. तिला इंग्रजी तुकडे पुरवा. 'टेली' म्हणजे दूर : टेलिफोन, टेलिस्कोप, टेलिग्राफ. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं : इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट. आठवड्याला दोन घटक घ्या आणि प्रत्येकाचे वाचनात भेटलेले शब्द त्याखाली वाढवत न्या.

उच्चाराच्या साम्यावरून अर्थ लक्षात ठेवायची युक्तीही चीनमध्ये लोकप्रिय आहे. 'अँब्युलन्स' या शब्दासारखं ऐकू येणारं 'मी मरू शकत नाही' अशा अर्थाचं चिनी वाक्य मुलांना पाठ असतं. फारच हट्टी शब्दासाठी ही युक्ती चालेल. सर्रास वापरली तर वाचताना प्रत्येक शब्दामागे एक चिनी वाक्य उभं राहतं आणि वेग मरतो.

पायरी ६ : उजळणी ठरलेल्या दिवशी

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये विस्मरणाचा वेग मोजून दाखवला. चिनी शब्दपुस्तकांत त्यावर बेतलेले उजळणीचे तक्ते छापलेले असतात, म्हणून मुलांना ही कल्पना नवी नाही. दुसरा, चौथा, आठवा, पंधरावा आणि तिसावा दिवस ठेवा. फक्त उजळणीची रीत बदला. चिनी अर्थ झाकून इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारण्याऐवजी मूळ वाक्यातला शब्द झाकून वाक्य पुरं करायला सांगा. सलग तीनदा जमलं की तो शब्द वहीतून काढा.

पायरी ७ : शब्दकोश मिटून वाचा

पाऊण तासातली वीस मिनिटं याच पायरीला द्या. पायरी एकप्रमाणे निवडलेलं सोपं पुस्तक, हातात पेन्सिल नाही, फोन दूर. द्विभाषिक पुस्तक असेल तर चिनी मजकूर कागदाने झाकून ठेवा. अनोळखी शब्द आला तर वाक्य संपेपर्यंत थांबायचं नाही. चिनी मजकुरात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. वाचणारा स्वतःच अक्षरांचे गट पाडत जातो. तेच कसब इथे वापरायला सांगा. 'आफ्टर द फ्लड' हे तीन शब्द एका नजरेत घ्यायचे. ओठ किंवा बोट हलत असेल तर पुस्तक एक स्तर खाली आणा.

वाचून झाल्यावर दोन मिनिटांत गोष्ट इंग्रजीत सांगायची. व्याकरणाच्या चुका इथे दुरुस्त करू नका.

पायरी ८ : परीक्षेचा उतारा, आठवड्यातून दोनदाच

देशपातळीवरच्या गाओकाओ प्रश्नपत्रिकेत वाचनाला ५० गुण असतात. त्यात गाळलेल्या पाच जागा सात वाक्यांतून भरायचा प्रश्नही येतो. उतारा सोडवताना प्रश्न आधी वाचा, मग प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य, मग सगळा उतारा. प्रत्येक उत्तरासमोर त्याचा पुरावा देणाऱ्या ओळीचा क्रमांक लिहायला लावा. उताऱ्यातला शब्द जसाच्या तसा उचललेला पर्याय दोनदा तपासा. अर्थ फिरवलेला असण्याची शक्यता तिथे मोठी असते. चुकलेले प्रश्न चिनी मुलं वेगळ्या वहीत उतरवतातच. त्यात कारणही लिहायला सांगा : शब्द अडला, रचना अडली की घाई झाली? महिन्याभराने ही तीन कारणं मोजा. ज्याची संख्या जास्त, त्या पायरीवर पुढच्या महिन्यात जास्त वेळ द्या.

पाऊण तासाची वाटणी

पाच मिनिटं मोठ्याने वाचन, दहा मिनिटं उजळणी, दहा मिनिटं नवे शब्द आणि कण्याची दोन वाक्यं, उरलेली वीस मिनिटं शब्दकोशाविना वाचन. परीक्षेच्या उताऱ्याच्या दिवशी नवे शब्द घेऊ नका. वेळ कमी पडला तर काहीही कापा, ती वीस मिनिटं कापू नका. एका स्तराची सहा-सात पुस्तकं सहज वाचून झाली की पुढचा स्तर घ्या.

चिनी विद्यार्थ्यापाशी पाठांतराची शिस्त असते, चिकाटी असते, घटक जोडून अर्थ लावायची सवय असते. त्याला शब्दांची आणखी एक यादी देऊ नका. पुढच्या भेटीत त्याच्या हातात असं पुस्तक द्या, ज्यात शंभर शब्दांमागे दोनच अनोळखी असतील, आणि ते त्याच्याकडून शेवटच्या पानापर्यंत वाचून घ्या.